माझ्या मानेचा लेखी खुलासा

...आणि खुलासा कशाचा लिहायचा, तर माझ्या मानेचा, तोही जर्मनमध्ये, खाली सही करून! अहो, मान आहे ती, हलणारच.

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. जर्मन पासपोर्ट हातात पडला आणि मला एकदम समाजाची सेवा वगैरे सुचायला लागली, भरला अर्ज आणि झालो श्योफे. म्हणजे कायद्यातलं काही न कळणारा साधा माणूस, ज्याला कोर्टात खऱ्या न्यायाधीशांशेजारी बसवतात आणि ज्याचं मत त्यांच्याइतकंच धरतात. आमची शोभना म्हणाली, "अहो, हॉलचे पडदे ठरवायला तुम्हाला दीड वर्ष लागलं, तुम्ही काय निकाल देणार?" मला वाटलं, सायकलचोर येतील... पहिलीच केस खुनाची.

मी आपला अमेरिकन सिरियली बघून तयार, फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री. इथं डिगऱ्याच नाहीत. बेसावध माणसाला कपटानं गाठून मारलं की मोर्ड, सरळ जन्मठेप. जाणूनबुजून मारलं पण तसलं कपट नाही, तर टोटश्लाग, साधारण पाच ते पंधरा वर्षं. तेच आपलं सेकंड डिग्री समजा.

आरोपी एकाहत्तर वर्षांचा म्हातारा. भाजीपाल्यासाठी भाड्यानं घेतलेल्या बागेच्या तुकड्यावर शेजाऱ्याशी कुंपणावरून अकरा वर्षं भांडण, एक दिवस घातलं फावडं डोक्यात. आता सगळं अडलं एकाच गोष्टीवर, शेजाऱ्यानं त्याला येताना पाहिलं होतं की तो पाठमोरा टोमॅटो तोडत होता? म्हातारा सांगत होता, "तो वळला, मला बघून हसला," आणि समोर त्या शेजाऱ्याची बायको मांडीवर पर्स घट्ट धरून ऐकत होती, आणि मी, आपल्या सवयीप्रमाणे, ऐकतोय बाबा, बोल, म्हणून मान डोलावत होतो.

झालं. म्हाताऱ्याचा वकील उठला, "या श्योफेंनी नकारार्थी मान हलवली, यांचा माझ्या अशिलावर विश्वास नाही, यांना काढा." तो बसतोय तोवर त्या बाईंची वकीलबाई उठली, "छे, छे, यांनी होकार दिला, हे खुन्याच्या बाजूचे आहेत, यांना काढा." एकच मान, दोन अर्ज! आणि मला काढलं तर खटला पहिल्यापासून. म्हणजे त्या बाईंनी नवरा कसा सापडला ते पुन्हा सांगायचं, म्हाताऱ्यानं पुन्हा कोठडीत वाट बघायची, का, तर मला बोलणाऱ्यासमोर मान गप्प ठेवता येत नाही. लाज वाटली हो, खरंच. कोर्टानं लेखी खुलासा मागितला, लिहिलं शेवटी, "आमच्याकडे याचा अर्थ होय नाही, नाहीही नाही." तीन न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं आणि अर्ज फेटाळले. पुढचे सहा दिवस मी पुतळ्यासारखा, मानेला मोहरीच्या तेलाचं मालीश चालू.

निकाल लागला, टोटश्लाग, नऊ वर्षं. म्हाताऱ्यानं जाताना माझ्याकडे पाहिलं, बाईंनीही पाहिलं, आणि मी पाण्याच्या ग्लासकडे पाहत राहिलो.

घरी आलो तर शोभना दारातच, "अहो, तुमचं मत कुठलं होतं? मोर्ड का?" म्हटलं, ते जन्मभर गुपित, बायकोलाही सांगायचं नाही, शपथ घेतलीये. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अस्सं. वाटलंच मला."

तीन न्यायाधीश, दोन वकील, कुणाला वाचता आली नाही, हिनं उभ्या उभ्या वाचली, आणि बरोबर वाचली! तुम्हाला नाही सांगणार, तोंड मी अजून उघडलेलं नाही. पण मान आहे ती... हलणारच.