आवाजाचा नमुना

बंद करा आधी ते. बंद करा म्हणते ना, मॅडम — हां. आणि ते दार लोटून घ्या जरा, हे गॅलरीत बसलेत, ऑपरेशनात गळ्यातलं स्वरयंत्र काढलंय, कान नाही काढलेत. — नाही नाही, भाजलं नाही, दूधच सांडलं नुसतं, पुसते मी. तुमची काही चूक नाही हो, तुम्ही आपलं ह्यांच्यासाठी आणलेल्या बोलणाऱ्या मशीनचं बटण दाबलंत आणि मशीन म्हणालं ‘पाणी हवंय’ — एवढंच ना? एवढंच. पण कुणाच्या आवाजात म्हणालं? ह्यांच्या! हुबेहूब! साडेतीन महिन्यांनी ह्या घरात तो आवाज आला आणि मी हातात दुधाचं पातेलं आहे हेसुद्धा विसरले, निघाले पाणी द्यायला. एकतीस वर्षांची सवय, ती काय साडेतीन महिन्यांत जाते?

छान जमलाय, हो, नाव ठेवायला जागा नाही. तेच तर दुखणं आहे. — कसला कागद? राहू द्या, नंतर बघते, चष्मा आत आहे. आधी माझं ऐका, नाहीतर हे हाक मारतील — म्हणजे खुर्चीच्या हातावर दोनदा ठोकतील — आणि आपलं बोलणं अर्धंच राहील. मला सांगा, हा आवाज बदलता येतो ना? दुसऱ्या कुणाचा, तयार असलेला, असतो ना तुमच्याकडे? मग तो घाला. आणि ह्यांना सांगा, जमलं नाही. नमुने खराब होते म्हणावं, खरखर होती म्हणावं, काय वाटेल ते सांगा, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतील ते, माझ्या नाही ठेवायचे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू — खोटं बोला, असंच सांगतेय मी तुम्हाला.

तुम्हीच म्हणाला होतात ना मागच्या महिन्यात, जुनी रेकॉर्डिंग द्या, जितकी जास्त तितका आवाज बरा जमतो. ह्यांनी पाटीवर मोठ्ठं लिहिलं, ‘माझाच आवाज पाहिजे’, आणि खाली दोन रेघा. आता लोकांकडे काय असतं? लग्नाची असतात, वाढदिवसाची असतात. आमच्याकडे काय होतं? माझा फोन. दोनशे बारा निरोप! सगळे छापखान्यातून ठेवलेले — हे तिथे फोरमन, मी फोन उचलला नाही की निरोप. ‘हात झिजतात का फोन उचलायला?’ ‘चावी कुठे ठेवलीस, डोकं ठिकाणावर आहे का?’ ‘तुझ्यानं एक काम धड होईल तर शपथ.’ आता ह्या सगळ्यातून तुम्ही आवाज काढलात, तो पाणी मागताना तरी गोड कसा यायचा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुम्ही म्हणाल, मग पुसले का नाहीत? पुसतात लोक. मी — आता तुमच्यापासून काय लपवायचं — मी ते पुरावा म्हणून ठेवले होते. माझ्या भावाला ऐकवायला. तो म्हणायचा, अगं घरोघरी मातीच्या चुली, तुझा नवरा पीत नाही, हात उचलत नाही, आणखी काय पाहिजे तुला? म्हटलं, एक दिवस बॅग घेऊन ह्याच्या दारात जाईन, फोन पुढ्यात ठेवीन आणि म्हणेन, ऐक. बॅग भरलीही होती एकदा. चार दिवस पलंगाखाली होती, मग उपसली, कपड्यांना सुरकुत्या पडल्या तेवढ्याच. आणि गंमत बघा — पुरावा म्हणून जपलेलं सगळं मीच माझ्या हातानं तुम्हाला दिलं, आणि त्याचाच ह्यांना नवा गळा झाला!

थांबा. ठोकलं का? — नाही. खुर्ची सरकवली.

हळू बोलते. आवाज गेला ते वाईटच झालं, मी काय दगड आहे? हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले मी. पण नंतर — कुणाला सांगू नका — घरात अशी शांतता आली, अशी शांतता, की भांडी घासताना मी गुणगुणायला लागले. मुलगी चार वर्षांनी राहायला आली, आठ दिवस राहिली. जेवताना हे पाटीवर लिहितात, ‘मीठ कमी’. दोन शब्द. ओरडून लिहिता येत नाही ना! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पेन्सिल दाबतात कधीकधी, मोडते. मोडू दे. पेन्सिलीचा धाक नाही वाटत मला.

काय म्हणालात? हळुवार बोललेला एकही निरोप नाही का? — नाही. — नाही म्हटलं ना. — असं बघू नका हो माझ्याकडे. आहे. एक आहे. दोनशे तेरावा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातून केलेला, नऊ सेकंदांचा. ‘घाबरू नकोस. काहीतरी खाऊन ये.’ बस्स. तो नाही दिला मी तुम्हाला. का म्हणजे? तुमचं मशीन रोज त्या आवाजात मीठ मागत बसलं असतं! तो माझा आहे. तो ऐकते आणि मनाशी म्हणते, हा खरा माणूस, बाकीचा तो छापखाना. तिथे दिवसभर मशिनं धडधडतात, माणूस ओरडायला शिकतो, आपण ओरडतोय हे त्याला कळतसुद्धा नाही. कळतच नाही हो त्यांना. नाहीतर कोण असं —

बरं, द्या तो कागद. केव्हाच्या धरून बसलात. चष्मा — अगंबाई, डोक्यावरच आहे. अक्षर ह्यांचं आहे. कधी दिला? मंगळवारी? मी औषधं आणायला गेले होते तेव्हा? ‘माझा आवाज घालू नये. दुसरा कोणताही चालेल. हिला माझ्या आवाजाचा त्रास होतो. पहिल्यापासून.’

पहिल्यापासून.

म्हणजे माहीत होतं. मी आपली एकतीस वर्षं मशिनांना दोष देत बसले, छापखान्याचा कान आहे म्हणत बसले — आणि ह्यांना माहीत होतं! गळा होता तेव्हा एका शब्दानं माझ्याजवळ म्हणाले नाहीत, आणि तुमच्या कागदावर चार ओळी लिहून मोकळे. — म्हणून आधी मला ऐकवलात होय, माझंही मत घ्यायला? — हो, मागितलं तेच मिळालं मला. आनंद व्हायला हवा. नाही, रडत नाहीये, मॅडम. राग आलाय. सगळं मला न विचारता ठरवलं, माझ्या त्रासाचंसुद्धा!

आज काही घालू नका. हाही नको, दुसराही नको. मशीन पिशवीत ठेवा आणि परवा या. ते आलं की हे मध्ये बोलायला लागणार, मग आवाज कुणाचा का असेना. त्याआधी मला बोलायचंय. दोनशे बारा निरोपांना उत्तरं द्यायची राहिलीत माझी. — ठोकलं ना आता? दोनदा. ऐकलं मी.

आले! — आणि अहो, ती पाटी खाली ठेवा, म्हटलं! — तुम्ही निघा, मॅडम. दार ओढून घ्या जाताना.