टाकीवरचा पासवर्ड

चेतना : आणि तोही ऑइलपेंटने, मामा? खडूने तरी लिहायचा.

कुंडलिक : खडू पावसात जातो. टाकीवर पाणी यायची वेळ लिहिलीय, तीबी ऑइलपेंटनंच. तिच्याखाली जागा होती.

चेतना : म्हणून आपल्या वायफायचा पासवर्ड? अख्ख्या चाळीला दिसेल असा?

कुंडलिक : दिसावा म्हणूनच लिहिला.

सोनूबाई : मी म्हनलं व्हतं, सुनेला इचारा आदी. नवऱ्यानं कदी बायकूचं ऐकलंय? ब्रश घेऊन गेले ते गेलेच. अक्षर मातर झ्याक काडलंय.

चेतना : आत्या, आत्ता त्यांचं कौतुक नका करू. चार वाजता ऑफिसचा व्हिडिओ कॉल आहे. घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या नेटची तपासणी चाललीय, आज माझा नंबर. राउटरचं पान उघडून दाखवायचंय. आणि हे बघा, आत्ता आपल्या नेटवर कोण कोण बसलंय. दादू टेलर. किरणताई. हर्षद. हर्षद दोन. 'मम्मीचा फोन', आता ही कुणाची मम्मी कोण जाणे. आणि हा एक टीव्ही पण आहे.

कुंडलिक : टीव्ही विमलाबाईंचा. पडून असतात त्या दिवसभर. मीच जोडून दिला.

चेतना : माझा राग त्यांच्यावर नाहीये. पण मी काम काय करते? दवाखान्यांचे विम्याचे कागद तपासते. कुणाला कॅन्सर, कुणाचं बाळ गेलं, कुणाला डोक्याच्या गोळ्या चालू. लोकांनी सख्ख्या भावाला सांगितलेलं नसतं ते माझ्या लॅपटॉपवर असतं. सगळे एकाच नेटवर असले आणि एखाद्या फोनमध्ये काही घाण शिरली, तर तिला माझ्यापर्यंत यायला वाट मोकळी. आज नापास झाले तर सोमवारपासून रोज ऐरोलीच्या ऑफिसला जायचं. मग दिशाचं काय?

सोनूबाई : मी हाय की.

चेतना : आत्या, तुमचे गुडघे. आणि ती दोन वर्षांची, सारखी जिन्याकडे पळते. मामा दिवसातून दहा वेळा कुणाच्या ना कुणाच्या मदतीला खाली.

सोनूबाई : तेबी खरं. काल जिन्यापतोर पोचली व्हती, आन् मी आपली हितं बसून वरडतेय.

चेतना : म्हणजे नोकरी सोडावी लागेल. आणि मला ती सोडायची नाहीये. खूप धडपडून मिळवलीय. म्हणून मी पासवर्ड बदलते आणि नवा कुणालाच सांगत नाही. झालं.

कुंडलिक : नको.

चेतना : तुम्हाला काही करायचंच नाहीये, मामा.

कुंडलिक : टाकीवर माझ्या हातानं लिहिलंय. लोक पाणी भरायला येणार, वाचून जोडणार, आन् लागणार नाय. किरणची पोरगी जिन्यात बसून बारावीचा अभ्यास करते ह्याच्यावर. तिला काय सांगू?

चेतना : सांगा, सुनेने बंद केला. माझं नाव घ्या, मला चालेल.

कुंडलिक : नाव कुणाचं, हा सवालच नाय. चेतना, आमच्या गावात आडाला हात लावू देत नव्हते आम्हाला. माझी आई कळशी घेऊन बाजूला उभी राहायची, कुणीतरी वरनं ओतेल म्हणून. कधी ओतायचे. कधी बघून न बघितल्यासारखं करून जायचे. मी तिचा पदर धरून उभा असायचो. तवाच मनात धरलं, आपल्या घरात उद्या काय आलं, तर त्याच्यावर झाकण ठेवायचं नाय.

चेतना : नवरा असून प्रबुद्ध हे मला कधी बोलला नाही.

कुंडलिक : त्याला सांगितलंच नाय कधी.

सोनूबाई : मंग दुसरंबी सांगा की तिला. चावीचं.

कुंडलिक : ते कशाला आता.

सोनूबाई : मीच सांगते. चेतना, हे पानीखात्यात चावीवाले व्हते, ठावं हाय न्हवं तुला? रस्त्यातलं झाकण उघडायचं, आत चावी घालायची आन् पानी सोडायचं. आपल्या भांडुपच्या टेकडीला कदी पानी द्यायचं, कदी बंद करायचं, समदं ह्यांच्या हातात. ही एवढी लांब लोखंडाची चावी. येका उन्हाळ्यात पान्याची लई वाट लागली. खालच्या बिल्डिंगवाले घरी आले, पेढ्याचा डबा घेऊन. म्हनले, चावी येक दिस आमाला द्या, आमी आमचं बगून घेतो. ह्यांनी त्यास्नी चा पाजला, डबा हातात परत दिला आन् चावी उशाखाली घेऊन झोपले.

कुंडलिक : जुनं झालं ते.

सोनूबाई : आन् माझ्या भावाच्या पोरीची हळद व्हती, तवा मीबी मागितली. मलाबी न्हाई दिली. दोन हंडे खांद्यावरनं वाहून नेले भावाकडं, पर व्हॉल्व्ह फिरवला न्हाई. भाऊ लई दिस बोलत न्हवता माझ्यासंगं. तवा राग आला व्हता मला. आता न्हाई येत.

कुंडलिक : चावी एकाला दिली की दुसरा मागतो. मग टेकडीवरच्या शेवटच्या घरात पाणी पोचत नाय.

सोनूबाई : आन् त्या शेवटच्या घरात जाऊन नळ उघडून बगायचे. धार पडली की मंग घरी. तवर हितं जेवान गार.

चेतना : म्हणजे मामा, पाणी सगळ्यांना. पण चावी एकाकडेच.

कुंडलिक : आता कसं बोललीस.

चेतना : मग हे बघा. बसा इथे माझ्याजवळ. टाकीवर तुम्ही लिहिलाय तो पासवर्ड म्हणजे नळ. नळ उघडला, पाणी घेतलं. पण या राउटरच्या डब्याच्या आत शिरून सगळं फिरवायचं, कुणाला चालू, कुणाला बंद, त्याचं लॉगिन वेगळं. ती खरी चावी. आणि ती अजून केबलवाल्याने लावून दिलेलीच आहे. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. या जातीच्या प्रत्येक डब्याला तीच. टाकीवरचं वाचून जोडलेला कुणीही आत येईल आणि आपल्यालाच बाहेर काढेल.

कुंडलिक : म्हणजे व्हॉल्व्हची चावी रस्त्यात पडलीय?

चेतना : पडलीय कसली, व्हॉल्व्हलाच अडकवून ठेवलीय.

कुंडलिक : आन् मी खुशाल पत्ता लिहून आलो. आधी ते बदल. बाकीचं मागाहून.

चेतना : बदलतेच आहे. लांबलचक वाक्य टाकते, मला सहज आठवेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही असं. काय टाकलं सांगू?

कुंडलिक : नको. मी तोंड फिरवतो. ह्या घरची चावी आता तुझ्याकडं.

सोनूबाई : बगितलंस? मला न्हाई दिली, सुनेला दिली.

चेतना : आता लाईन. या डब्यातून दोन लाईनी निघतात, मामा. एक घरची, एक पाहुण्यांची. पाहुण्यांच्या लाईनवरून थेट इंटरनेटवर जाता येतं, पण आपल्या घरात डोकावता येत नाही. मी काल वाचलं होतं हे. पण वाटलं, कोण कटकट करतंय, सरळ सगळ्यांना बंद करून टाकू.

कुंडलिक : मग पाहुण्यांसाठी नवा पासवर्ड. म्हणजे टाकीवरचा खरवडायला लागणार.

चेतना : नाही ना. हीच तर गंमत आहे. जुनं नाव, जुना पासवर्ड मी पाहुण्यांच्या लाईनला देते. नवं नाव, नवा पासवर्ड घरच्या लाईनला. लोकांचे फोन आपोआप पाहुण्यांच्या लाईनवर जातील, त्यांना कळणारही नाही. तुमचं टाकीवरचं एक अक्षर पुसायचं नाही.

कुंडलिक : एकबी नाय?

चेतना : एकही नाही. फक्त माझ्या कामाच्या वेळेत त्यांचा स्पीड जरा कमी ठेवेन.

कुंडलिक : दाब कमी कर. बंद नको करू.

चेतना : बंद नाही करणार, मामा. खाली टाकीपाशी उभं राहून मला आज तुमचा इतका राग आला होता. आता वाटतंय, तुमच्यासारखा माणूस घरात आहे हे माझं नशीब.

कुंडलिक : पोरी, मी नुसता ब्रश फिरवला. डोकं तू लावलंस. आता ऊठ, चार वाजत आले. दिशाला दे इकडं.

(चेतना आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. बऱ्याच वेळाने दार उघडतं. दिशा आजोबांच्या मांडीवर झोपलेली आहे.)

सोनूबाई : काय म्हनली ती हापिसातली बाई?

चेतना : पास. घरूनच काम करायचं. म्हणाली, दोन लाईनी इतक्या नीट वेगळ्या केलेल्या फार कमी घरांत बघितल्या. विचारत होती, घरात कुणी नेटवर्कमधलं आहे का?

कुंडलिक : मग?

चेतना : म्हटलं, आहेत ना. सासरे. पाणीखात्यात होते.

सोनूबाई : हासली आसंल.

चेतना : आधी हसली. मग मी टाकीचं सांगितलं, तर म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांगा. मामा, तुमचा फोन द्या. घरच्या लाईनवर घेते. आत्यांचा घेतला, प्रबुद्धचा तो आल्यावर घेईन.

कुंडलिक : माझा राहू दे टाकीच्याच लाईनवर.

चेतना : अहो, तिकडे दाब कमी. तुमचे व्हिडिओ अडकत अडकत चालतील.

कुंडलिक : चालू दे. शेवटच्या घरात पोचतंय का नाय, कुणालातरी कळायला पाहिजे.