खुर्चीचा अर्ज

माही कंबर सहा वर्षांपासून दुखून राहिली, हे पांढुर्ण्यात चहावाल्यालेही ठाऊक आहे. डॉक्टर म्हणे, पाठ टेकून बसाची खुर्ची घ्या. म्हणून ऑफिसात खुर्चीसाठी अर्ज देल्ला.

आमचे सायब बाजूच्याच सौंसर गावचे. अर्ज वाचला अन् उभे झाले.

"बाबू, खुर्ची येईल तवा येईल. मी पायाळू आहो, पायाकडून जन्मलो. आमची लाथ बसली का कंबर मोकळी होते. वाका!"

आता सायबाले नाही कोण म्हणन? टेबल धरून वाकलो. सारं ऑफिस पाहाले जमलं. एरवी मीटिंगले बोलावलं तरी येत नाहीत. सायबानं जोडा काढला, एवढी त्याइची माणुसकी, अन् कंबरेत एक ठेवून देल्ली. मले भरदुपारी तारे दिसले.

"वाटलं बरं?"

माहं प्रमोशन ज्याच्या हाती, तोच विचारून राहिला. काय सांगाव?

"एकदम मोकळी झाली, सर!"

सायब खुश. वीस वर्षांच्या नोकरीत माहा अर्ज त्याच दिवशी निकाली निघाला, असं पहिल्यांदाच झालं. त्यावर सायबाचा शेरा होता, आमच्याकडच्या सरकारी हिंदीत:

"आवेदक की कमर ठीक हो चुकी है. कुर्सी की आवश्यकता नहीं."