आधी तिचं लिवा

मुरुमच्या दवाखान्याच्या ओट्यावर नंबराची वाट बघत बसलेल्या द्वारकाबाईचे कान शेजारच्या बोलण्याकडं लागले. उजवा हात लुळा पडलेले बंडप्पा निजामी मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना विचारत होते. बंडप्पांची बायको त्यांना पदरानं वारा घालत होती.

“मास्तर, हे सारखं पेशंट, पेशंट म्हणत्यात. म्हंजी काय हो?”

“आजारी माणूस. आणि सबुरी धरणाऱ्यालाही पेशंटच म्हणतात.”

“दोघं एकाच शब्दात?”

“मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच सोसणारा. त्यातनंच दोन्ही निघाले.”

“आरं द्येवा! सात समुद्रापल्याडच्या माणसाला माझ्या घरातलं कसं कळलं हो?”

“तुमच्या घरातलं?”

“हात गेल्यापासनं हीच घास भरवती. कपाळाला कधी आठी न्हाय.”

तेवढ्यात आतून कंपाउंडरनं बंडप्पांच्या बायकोला हाक दिली.

“बाई, पेशंटचं नाव सांगा!”

बायकोनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार?

“लिवा, उमाबाई,” बंडप्पा म्हणाले.

“अवो! जल्मात कधी माझं नाव घेतलं न्हाय तुमी!”

कंपाउंडर दारात आला. “आजारी तर तुम्हीच दिसता.”

“व्हय. पर आधी तिचं लिवा.”