पाटलीखालची कातडी

माझं माहेर वसमतच्या अंगाचं, गुरुजी. बाप भुईमूग करायचा अन् शेंगा निघाल्या की अंगणात हा ढीग पडायचा, अन् मी त्या ढिगावर बसून दिवसभर खायची, टरफलं फेकायची, अन् माय म्हणायची, ही पोरगी एक दिवस घर खाऊन टाकील. खादाड व्हते मी, आताबी हाय, लाजायचं काय त्यात. तुमी म्हणलात जेवून आलो, म्हणून तुमाला चहावर सोडलं, न्हाईतर आमच्या घरून कोणी तसंच जात न्हाई. हे असं काहून, तेच तर सांगून राहिले, घ्या वहीत लिहून.

लगीन झालं अन् इकडं डोंगरकड्याकडं आले. सासू, आमचे मालक अन् मी, एवढंच घर. खातंपितं घर, पेवात ज्वारी, दावणीला म्हैस. पण रीत कशी व्हती, आधी मालक जेवायचे, दूध, वरण, भाकर, मग सासू, अन् सगळ्यात मागून मी. माझ्याकडं येईस्तोवर वरणाचं भांडं खरवडलेलं असायचं, दूध विरजणाला गेलेलं, तूप बाजारला, ताक गड्याला. भाकर मातर पायजे तेवढी. भाकर अन् तिखट-मीठ, तिखट-मीठ अन् भाकर. उपाशी न्हवते हां मी, पोट तट्ट भरायचं, म्हणून तर कोणाला कळलं न्हाई, मलाबी न्हाई.

ती जर्मनची मोठी लढाई चालू व्हती बघा, तव्हा माझी पोरगी झाली. अंगावर पीत व्हती अन् मी तिला घेऊन उन्हात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला जायची. तर हाताची आग व्हायला लागली. आधी वाटलं ऊन लागलं. मग हात काळे पडले, कातडी फुटली, पाय तसेच, अन् गळ्याभोवती काळा पट्टा, बैलाच्या मानेला जोखडाचा घट्टा पडतो तसा. जीभ लालभडक, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. पोट सारखं बिघडलेलं. अन् डोकं, काय सांगू तुमाला, डोकंच जाग्यावर राहीना. झोप न्हाई, उगं रडू यायचं, कालवणात दोनदा मीठ टाकायची. पोरगी पाळण्यात रडून राहिली अन् मी आपली चुलीकडं बघत बसलेली.

आडावर एकीनं माझे हात पाहिले अन् म्हणली, हा तर महारोग हाय. झालं, गावात तेच. सासूनं पोरगी माझ्या हातातून घेतली अन् म्हणली, तू आखाड्यावर राहा. आखाडा म्हणजे शेतातलं बैलाचं छप्पर. अंगावरचं डोरलं अन् चांदीच्या पाटल्या तेवढ्या राहू दिल्या, म्हणली सवाष्णीचे हात मोकळे नको. रोज बांधावर भाकर ठेवून जायची, तीच भाकर, तेच तिखट. वाईट न्हवती ती, गुरुजी, खोटं काहून बोलू. पोरीला खांद्यावर घेऊन बांधावर उभी राहायची, मला दुरून दाखवायला. माझी छाती दुधानं दाटून यायची अन् पोरगी शेळीचं दूध पिऊन राहिली. मला जगायचं न्हवतं असं न्हाई, मला ती पोरगी हातात पायजे व्हती, दुसरं काहीच नको व्हतं.

आमचे मालक बोलायला कमी. एक दिवस त्यांनी गाडी जुपली अन् मला बसवून हिंगोलीला निघाले. मला वाटलं, नेऊन सोडणार कुठंतरी. वाटंनं विचारायची हिंमत झाली न्हाई.

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे, म्हातारे, दाढी पांढरी. मी दारातच बसले, तर ते खुर्चीवरून उठून आले अन् त्यांनी माझा हात हातात घेतला. किती दिसांनी माणसाचा हात लागला मला, तिथंच रडायला लागले. त्यांनी साबण मागवला, घट्ट बसलेल्या पाटल्या वर सरकवल्या, अन् खाली बघतो तर काय, पाटलीएवढी कातडी गोरी, मऊ, लेकरासारखी. वर काळी, खाली काळी, मधी चांगली. डॉक्टर मालकांना म्हणले, महारोग पाटल्या बघून येतो का? जिथं ऊन लागलं तिथंच हे झालंय. मग त्यांनी न सांगता सुई टोचली अन् मी हात हिसकला, माझ्या तोंडून निघालं, मेल्या, हात मोडो तुझा. मालक घाबरले. डॉक्टर हसायला लागले.

म्हणले, मेरेकू गाली दी? बहोत अच्छा हुआ. कोढ़वाले कू सुई नै लगती.

महारोग्याला सुई लागत न्हाई, मला लागली. दुखलं म्हणून एवढा आनंद मला जन्मात कधी झाला न्हाई.

मग त्यांनी विचारलं, ही खाते काय? मी सांगितलं. अन् तुम्ही काय खाता? मालकांनी खाली मान घालून सांगितलं, दूध, वरण. डॉक्टर म्हणले, नुसत्या ज्वारीनं एक गोष्ट अंगी लागत न्हाई. नाव इंग्रजी सांगितलं, विटामीन, तुमी जीवनसत्त्व लिहा. पाण्यात विरघळणारं असतंय ते, अंगात तुपासारखं साठून राहत न्हाई, रोजचं रोज खावं लागतंय. लेकरू पाजणारीला तर जास्तच. एक पिवळी खमिराची भुकटी दिली, दारूच्या भट्टीसारखा वास तिला, अन् म्हणले, शेंगदाणे, डाळ, दूध, अंडं, हिला रोज पायजे.

घरी आलो तर सासूला पटंना. काळे डाग शेंगदाण्यानं जातात व्हय, म्हणली, अन् दारातच आडवी उभी. मालकांनी मग स्वतः ताट वाढलं, वरण, दूध, मूठभर दाणे, मला ओट्यावर बसवलं, अन् सगळी गल्ली बघत असताना माझ्याच ताटात माझ्याबरोबर जेवले. बोट चाटून म्हणले, आजपासून पहिलं ताट हिचं. बस, एवढंच. पण ते घास मला अजून आठवतात, गुरुजी, त्यांच्यासाठी जीव टाकावा असं वाटलं तव्हा.

जीभ आधी बरी झाली, मग पोट, मग झोप आली. कातडी सापाच्या कातीवाणी निघाली अन् खालून नवी आली. त्या दिशी मी बाह्या वर करून, घागर घेऊन, मधल्या रस्त्यानं आडावर गेले, आडवाट असताना. पाणी शेंदलं अन् जी मला महारोगी म्हणली व्हती तिच्या घागरीत आधी ओतलं. तिनं घागर सरकवली न्हाई.

घरी आले तर सासूनं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. ती मला वळखंना, रडली, मग पाटली धरून ओढायला लागली, सोडंचना. सासू बघत व्हती. तिनं पदर बाजूला केला अन् आपला गळा दाखवला, तोच काळा पट्टा, फिका. म्हणली, मला दर उन्हाळ्यात येतंय गं, मी ऊनच समजत व्हते. तिच्याबी ताटात वरणाची नुसती खरवड पडायची, माझ्या आधी बसायची एवढंच. मी डब्यातून ओंजळभर दाणे काढले अन् तिच्या पदरात घातले. आता सासू-सुना एकत्र बसतो, मालक मागून, अन् ते तक्रार करत न्हाईत.

आता निजामाचं राजबी गेलं. पोरगी शाळेत जायची म्हणते, घ्या तुमच्या शाळेत. हे हात बघा, पाटली सरकवून दाखवते, आत-बाहेर एकच रंग हाय का न्हाई? लिहा तसं. देव तुमचं भलं करो. पण उठायच्या आधी एक विचारते, राग मानू नका. तुमी जेवून आलात म्हणलात, बराबर हाय. घरी तुमच्या मालकीणबाई जेवल्या का, काय जेवल्या? बघितलं न्हाई ना. मग हे दाणे घेऊन जा, अन् आज त्यांच्यासंगं बसा.