मेजर लीगवाल्याचा बाप

सुरुवात माझ्या फजितीपासूनच करतो, कारण या सगळ्यात खात्रीने माझी अशी तेवढीच गोष्ट आहे. आमचा कौस्तुभ हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला होता, दोन हजार एक-दोनची गोष्ट, आणि त्याची बेसबॉलची मॅच बघायला मी पहिल्यांदाच गेलो होतो, इथेच अमेरिकेत, फ्रीमाँटला, शाळेच्या मैदानावर. कौस्तुभ पिचर, म्हणजे आपला बोलर समजा. समोरच्या शाळेच्या एका धिप्पाड पोराने त्याचा बॉल असा काही उचलला की तो कुंपणावरून थेट पार्किंगमध्ये जाऊन पडला. आता मी नागपूरचा माणूस, चांगला फटका बसला की टाळी वाजवायची, मग तो कुणाचा का असेना, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, तर मी उभा राहिलो आणि कडाकड टाळ्या वाजवल्या, वर क्या बात है असंही म्हणालो. आमच्या बाजूचे सगळे आईबाप माझ्याकडे बघून राहिले होते. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, तुमचा मुलगा कोणता? मी छाती काढून पिचरकडे बोट दाखवलं. त्या बाई नंतर सबंध सीझन माझ्यापासून दोन बाकं लांब बसल्या. गाडीत कौस्तुभ म्हणाला, बाबा, दॅट वॉज ऑफ मी, माझ्याच बॉलवर होता तो. मी म्हटलं, हो रे, पण फटका बघ ना काय होता.

काय सांगू तुम्हाला, मला या खेळातलं काही कळत नव्हतं आणि कळत नाही हेही कळत नव्हतं. मी जन्माने नागपूरचा, नोकरीने पुण्याचा, तिथेच मेधा भेटली, ती सदाशिव पेठेतली, म्हणजे मला बोलायला शिकवण्यात तिची पहिली काही वर्षं गेली आणि गप्प बसायला शिकवण्यात उरलेली. मग व्हिसा मिळाला आणि आम्ही इकडे आलो. कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्ट करायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचो. दोन हजार एक साली आमचा अर्धा मजला रिकामा झाला, काल शेजारी बसून डबा खाणारा माणूस आज टाउनहाऊस सोडून परत भारतात निघालेला, त्यात माझी नोकरी टिकली, का टिकली ते मला अजून कळलेलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

पण एक सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला समजेल. आमच्या घरात निवड झाली म्हणजे झालं, असा हिशेब होता. इंजिनियरिंगला माझा नंबर लागला तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, नातेवाइकांनी पाठ थोपटली, आणि मग चार वर्षं मी तिथे काय दिवे लावले हे कुणी विचारलं नाही. आत शिरलास ना, संपलं. लग्न, व्हिसा, सगळं मी त्याच हिशेबाने बघत आलो. एकदा निवड झाली की पुढचं आपोआप होतं असं मला वाटायचं.

आणि कौस्तुभ डावखुरा. लहान असताना पुण्याला त्याचा डावा हात मी कितीदा मागे बांधल्यासारखा धरून ठेवायचो, जेवताना, प्रसाद घेताना, पेन्सिल धरताना, अरे उजव्या हाताने, उजव्या हाताने. पोरगं हट्टी म्हणून हात वाचला. त्याच्या शाळेच्या कोचला मी हे गंमत म्हणून सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. त्याने मला बाजूला घेऊन समजावलं की डावखुरा पिचर म्हणजे इथे लोक देवाकडे मागतात. त्यानंतर आठ दिवस मी त्या कोचसमोर माझे दोन्ही हात खिशात घालून उभा राहायचो.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी मोठ्या क्लबांची माणसं यायला लागली. खुर्च्या टाकून बसायची, हातात पिस्तुलासारखं एक यंत्र, बॉलचा वेग मोजायचं. आता माणसं लांबून आपल्या पोराला बघायला आलीत आणि आपण त्यांना पाणीसुद्धा विचारायचं नाही, हे मला बघवेना. मी घरून चिवडा नेला. ज्याला दिला त्याने यंत्र एका हातात धरून दुसऱ्या हाताने चाखला, विचारलं, हे दुधातून खायचं का? दुसऱ्या दिवशी कोचने कौस्तुभला सांगितलं की तुझ्या डॅडना म्हणावं स्काउट लोकांना काही देऊ नका, ते बरं दिसत नाही. कौस्तुभने ते मला सांगितलं नाही, आईला सांगितलं, आणि मला काही सांगायचं तर आईमार्फत, ही पद्धत बहुतेक तिथूनच सुरू झाली.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये त्याची ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, निवड झाली. एका मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, क्लबने त्याचं नाव पुकारलं, खूप उशिराच्या फेरीत, पण पुकारलं. कौस्तुभ म्हणाला, बाबा, इट्स नॉट द मेजर्स, इट्स जस्ट अ ड्राफ्ट, अशी ढीगभर पोरं असतात, त्यातली मोजकी वर जातात. मला वाटलं विनय. आमच्याकडे पहिला आलेला मुलगासुद्धा पेपर अवघड गेला असंच म्हणतो ना. मी इंडियन स्टोअरमधून पेढे आणले, ऑफिसात वाटले, आणि इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष करंदीकर, त्यांना फोन करून सांगितलं, मुलगा मेजर लीगमध्ये गेला.

मग काय, गणपतीत सत्कार. उन्हाळाभर कौस्तुभ ॲरिझोनात खेळून नुकताच घरी आला होता, त्याला मी नुसतं आरतीला चल म्हणून नेलं. हॉलमध्ये शिरलो तर स्टेजवर बॅनर, मेजर लीगमध्ये निवड झालेला पहिला मराठी खेळाडू. त्यातला पहिला हा शब्द माझा. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं व्यवस्थित. त्याने नारळ डाव्या हाताने घेतला आणि तेवढ्यावरही एक काकू कुजबुजल्या. माइक हातात दिला तेव्हा तो इंग्रजीत स्वच्छ म्हणाला की मी सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळतो, वर सहा पायऱ्या आहेत, आणि बहुतेक लोक त्या चढत नाहीत. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. करंदीकर माइकवर म्हणाले, बघा, याला म्हणतात संस्कार.

घरी येऊन त्याने शालीची घडी घातली आणि डायनिंग टेबलवर ठेवली, मला म्हणाला, बाबा, प्लीज, फॉर अ व्हाइल, माझ्या मॅचना येऊ नका. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि दोन दिवसांत मिटलं असतं.

ते अ व्हाइल चांगलं तीन वर्षं चाललं. मेधा जायची. डोंगरापलीकडच्या व्हॅलीतल्या एका गावात त्याची टीम होती, उन्हाने तापलेलं गाव, ती ड्राइव्ह करत जायची, सोबत थालीपिठं, आणि ती टीमच्या पोरांना देणं मात्र चालायचं, माझाच चिवडा तेवढा वाईट दिसत होता. ती परत आली की मी दवाखान्यातल्या पेशंटची विचारपूस करावी तसा विचारायचो, खातो का, झोपतो का, हात दुखतो का. आणि इकडे मंडळात दरवर्षी करंदीकर भेटले की, काय मेजर साहेब, मॅच कोणत्या चॅनेलवर? पहिल्या वर्षी कौतुकाने, दुसऱ्या वर्षी गमतीने, पुढे नुसतं हसून. बाकीच्यांची मुलं बर्कलीला, कुणाची मेडिकलला. ती मंडळी माझ्याशी आपल्या मुलांविषयी बोलायची नाहीत, मध्येच विषय बदलायची, ते त्या हसण्यापेक्षा जास्त लागायचं.

एकदा मी न सांगता गेलो. टोपी घातली, गॉगल घातला, लांबच्या कोपऱ्यात उन्हातच बसलो. स्टेडियम म्हणजे काय, आपल्या गावच्या शाळेच्या गॅदरिंगला जास्त लोक येतात. बाहेर एक जुनी बस, तिच्या सावलीत दोन पोरं बॅगांवर डोकं ठेवून झोपलेली. शेवटाकडे कौस्तुभला पाठवलं. पाठीवर आमचं आडनाव, पांढरीपांडे, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत. त्याचा एकही बॉल जागेवर पडेना. असे चार बॉल बाहेर गेले की बॅट्समनला फुकट पुढे जायला मिळतं, तसे एकामागून एक बॅट्समन न मारताच पुढे गेले, मग कोच चालत आला, हात पुढे केला, कौस्तुभने बॉल त्याच्या हातात ठेवला आणि जाऊन बाकाच्या टोकाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. कुणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही, रागानेसुद्धा नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, मला सॉफ्टवेअरमधल्या चुका सापडतात पण घरातल्या इतक्या उशिरा सापडतात. इथे एकदा निवडून काही होत नाही, इथे रोज निवडतात. रोज सकाळी उठून हे पोरगं परीक्षेला बसत होतं आणि मी पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लावून पेढे वाटून मोकळा झालो होतो.

घरी येऊन मेधाला सांगितलं, तिने त्याला सांगितलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, कौस्तुभ विचारत होता, बाबांचं नाक सोललं का उन्हाने. बस, तेवढंच.

आता यंदाचं सांगतो. सप्टेंबरात मोठे क्लब खालच्या टीममधली काही पोरं वर बोलावतात, उरलेल्या सीझनपुरती. मेधा मोदकांच्या उकडीत हात घालून उभी होती, फोन खांद्याने धरलेला. फोन ठेवून म्हणाली, बोलावलंय त्याला, मेजर लीगला. मी खुर्चीतून उठलो तर ती म्हणाली, बसा, आधी ऐका. तो प्रत्यक्ष बॉल टाकेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, कुणाला म्हणजे नागपूरला सुद्धा नाही, आणि मंडळात तर अजिबात नाही. मी म्हटलं, तो म्हणाला असं? ती म्हणाली, तोंड बंद ठेवायचं, जमेल? मी म्हटलं जमेल, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती. आणि एवढं मला समजत होतं की हे जर फुटलं, तर पोरगं पुन्हा काही मला सांगणार नाही, आईमार्फतसुद्धा नाही.

शनिवारी मंडळाचा गणपती. नेमकी आमच्या इथल्या टीमची मॅच तिकडे ईस्टला, कौस्तुभच्याच क्लबविरुद्ध, रेडिओवर येणार होती. हॉलमध्ये मला प्रसाद वाटायला उभं केलेलं. करंदीकर आले, पेढा उचलला, म्हणाले, काय मेजर साहेब, यंदा तुम्हाला स्टेजवर बोलवत नाही हां, नाहीतर परत फेटा आणावा लागायचा. चारपाच जण हसले. तुम्हाला सांगतो, उत्तर इथवर आलं होतं, गळ्यापर्यंत, अगदी शब्दासकट. मी म्हटलं, नाही हो, खेळतोय तिकडेच. मग ते खांद्यावर हात ठेवून खरोखरच्या काळजीने म्हणाले, अहो पांढरीपांडे, कॉलेजचं बघा त्याच्या, अजून वय गेलेलं नाही. मी म्हटलं, बघतो. ते बघतो म्हणताना मला आपल्या पोराला नाकारल्यासारखं झालं, पण दुसरं काय म्हणणार होतो.

मेधाने लांबून खूण केली. आम्ही पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो, काचा वर करून, रेडिओ लावून. आत लहान मुलांच्या नाटकाची तालीम, बाहेर ऊन. बऱ्याच वेळाने कॉमेंट्रीवाला म्हणाला, नवीन पिचर येतोय, आणि आमच्या आडनावापाशी अडखळला, हसला, पुन्हा प्रयत्न केला, आणि शेवटी हा नवा डावखुरा मुलगा असंच म्हणायला लागला. तेवढ्यात मागे एक गाडी येऊन इंडिकेटर लावून उभी. त्या गृहस्थांना वाटलं आम्ही निघालोय. मी हात हलवून नाही नाही म्हणतोय, ते मान डोलावून सावकाश निघा म्हणतायत, आणि कौस्तुभने पहिल्या बॅट्समनला मारताच येणार नाहीत इतके लांब बॉल टाकून फुकट पुढे पाठवलं. दुसऱ्याने मारला, दूर मारला, एक रन झाली. कॉमेंट्रीवाला खूश, आमच्याच गावचा तो. मेधाने सीटबेल्ट लावून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, गाडी उभी असताना. तिसऱ्याचा बॉल जमिनीवरून परत कौस्तुभकडेच आला, त्याने उचलला, फेकला, आउट. मग कोच आला असावा, कारण दुसऱ्याचं नाव आलं. एवढंच. मी रेडिओ बंद केला. मागचे गृहस्थ अजून उभे होते, म्हणून आम्ही खरंच गाडी काढून त्यांना जागा दिली आणि रस्त्यावर लांब नेऊन लावली.

परत आलो तर आरती चालू होती. करंदीकर टाळ्या वाजवता वाजवता म्हणाले, कुठे होता हो? आता बंदी उठली होती बरं का, बॉल टाकून झाला होता. मेधा माझ्याकडे बघून राहिली होती. मी म्हटलं, गाडीत बसलो होतो जरा, आणि आरतीत आवाज मिसळला. का नाही सांगितलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. स्टेजवर तोच माइक दिसला आणि माझे कान गरम झाले.

घरी जाताना आम्ही फ्रीवेला लागलो. मेधा समोर बघतच म्हणाली, अहो, ती गप्प बसायची अट त्याची नव्हती, माझी होती. तो म्हणाला होता, आई, बाबांना आधी सांग, आणि त्यांना ज्याला सांगायचं असेल त्याला सांगू दे.