जुजुराणा आणि सोलापुरी चादर

चादरीला हसू नका, त्या चादरीनंच मला जुजुराणा दाखवला की! हिमालयातला लालबुंद मानेचा पक्षी, कोंबड्याएवढा, अंगभर पांढरे ठिपके. आता लई थोडे उरलेत.

तिथं उंचावर पहाटे कुडकुडत बसलो होतो, म्हणून आमच्या हिनं बॅगेत कोंबलेली चादर पांघरली. लाल, पांढऱ्या बुट्ट्यांची. सोबतच्या वाटाड्यानं कपाळाला हात लावला, "काका, हा भडक रंग बघून तो येईल होय?"

तेवढ्यात धुक्यातनं तो आला. माझ्यासमोर थांबला, मान वाकडी करून बघत राहिला आणि धुक्यातच विरघळला.

वाटाड्या हळूच म्हणाला, "त्याला वाटलं असेल, आपल्यातलं अजून कुणीतरी उरलंय."

ऊन चढलं, तरी चादर काढायचा मला धीर झाला न्हाय.